शेंडा खाली, बुंधा वर

शरदाचं ऊन उतरत होतं. ताम्रवर्णी, मंदगती, निरोपाचं ऊन! मेपलच्या रक्तकेशरी पानांतून ते गाळून येत होतं, देवळाच्या आवारात सांडत होतं. जपानमधल्या त्या डोंगरी गावात म्हातारा सुतार तोकुजी शेवटचा खांब तासत होता. उद्या तो खांब देवळात उभा राहायचा होता.

सरूचा खांब. गंधगर्भ, सुवर्णकांती! तोकुजी जन्मला त्या दिवशी बापाने हे झाड लावलं होतं. या झाडाने देवाचं छप्पर पेलावं, एवढंच तोकुजीचं आयुष्यभराचं मागणं.

तिथे रंधा ढकलत नाहीत. लेकरू कुशीत ओढावं तसा आपल्याकडे ओढतात. शेंड्याकडून बुंध्याकडे ओढला की अखंड, रेशीमपारदर्शी पापुद्रा सुटतो. तोकुजीने ओढला. रंधा अडखळला. पुन्हा ओढला, पुन्हा अडखळला. लाकडाची कुसळं उभी राहिली.

ज्याला तो बुंधा समजत होता, त्या दुसऱ्या टोकाला जाऊन त्याने रंधा ओढला आणि, अरे देवा, पापुद्रा सळसळत आला! लांब, निर्मळ, निर्दय पापुद्रा.

झाड उगवलं तसंच उभं करायचं, बुंधा खाली, शेंडा वर. हा तिथल्या सुतारांचा धर्म. उलटा खांब जन्मभर कण्हतो म्हणतात. आणि तोकुजीच्या मोतीबिंदूने धुकटलेल्या डोळ्यांनी खुणा आखायची शाईची दोरी उलटी मारली होती. खांबाच्या पायाशी बसायची खुंटी शेंड्याला कोरून झाली होती. ती कापावी तर खांब आखूड पडणार.

चहा घेऊन आलेली त्याची बायको कियोए थबकली. "काय झालं हो?"

"उलटा कोरला गं मी. माझंच झाड, आणि मीच!"

"राहू द्या. कोणाला कळतंय?"

"मला कळलंय ना!"

चहा निवत गेला.

त्याने रंध्याचं पातं ठोकून सैल केलं, पुसलं, तेल लावलं. पटाशी पुसली. करवत फडक्यात गुंडाळली. शाईची दोरी हळूहळू तिच्या लाकडी दौतीत परतली, काळी, ओली, मुकी. आता ती तो पुन्हा काढणार नव्हता.

पानं गळत होती. ऊन विझत होतं. आणि छपरीत, त्याच्याच वयाचं एक झाड, मुळं आभाळाकडे करून उभं राहायची वाट पाहत, आडवं पडलं होतं.