दाजींचं अनुमोदन

प्रेसबिटरीच्या चिटणीसांचं पत्र आलं तेव्हा मी लगेच उत्तर द्यायला हवं होतं. दिलं नाही. पत्र लहानसं होतं, टाइप केलेलं. 'आपल्या मंडळीतील एक वडील प्रभुभोजनाच्या सेवेस समर्थ आहेत किंवा नाहीत, याविषयी आपल्या सेशनचे मत पुढील प्रभुभोजनापूर्वी लेखी कळवावे.' इतकं सभ्य पत्र होतं की त्यावर रागावताही येईना. ते मी आधी टेबलावर ठेवलं, मग शब्दकोशात ठेवलं, आणि मग तो शब्दकोशच कपाटात ठेवून दिला. शब्दकोश लागला की शेजाऱ्यांचा मागून आणू लागलो.

ज्यांना आमची रीत ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. आमच्या चर्चमध्ये बिशप नसतो. मंडळी आपल्यातल्याच काही जणांना वडील म्हणून निवडते, त्यांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना होते, आणि मग ते जन्मभर वडीलच राहतात. पाळक आणि हे वडील मिळून सेशन होतं. चर्चचा कारभार सेशन पाहतं, आणि सगळ्या चर्चची मिळून वरची सभा म्हणजे प्रेसबिटरी. एकट्याच्या मर्जीने काही होत नाही, सगळं सर्वांनी मिळून ठरवायचं. ऐकायला छान वाटतं. पण सगळ्यांनी ठरवायचं म्हणजे पुष्कळदा कुणीच ठरवत नाही, हे मी इतकी वर्षं सभांची टिपणं लिहून शिकलो.

आमच्या सेशनमध्ये पाळकांखेरीज दोनच वडील उरले होते. एक मी. छापखान्यात मुद्रितं तपासण्यात माझं आयुष्य गेलं. अक्षर बरं म्हणून मला चिटणीस केलं होतं. वडील का केलं ते मला अजून कळलेलं नाही. दुसरे दाजी, माझ्या आक्काचे यजमान. पत्र त्यांच्याविषयी होतं.

दाजी बसकंडक्टर होते. आवाज असा की शेवटच्या बाकावरचा झोपलेला माणूस उठून सुट्टे पैसे काढायचा. माझा आवाज मलाच ऐकू येत नाही. सभेत मी एखादा ठराव मांडायचो, म्हणजे कागदाकडे बघून पुटपुटायचो, आणि कुणी "काय? काय?" म्हणायच्या आत दाजींचा हात वर जायचा.

"अनुमोदन! पुस्तकराव म्हणतोय ते बरोबर आहे. काय म्हणाला ते मी ऐकलं नाही, पण बरोबर आहे."

सगळे हसायचे आणि ठराव पास व्हायचा. छप्पर गळतंय इथपासून नव्या पाळकांना बोलावण्यापर्यंत माझा एकही ठराव दाजींच्या अनुमोदनावाचून गेला नाही. पुस्तकराव हे नावही त्यांनीच ठेवलेलं.

मग ते विसरू लागले. आधी किल्ल्या, मग माणसं, मग घरातल्या खोल्या. रविवारच्या शाळेत त्यांनी मुलांना वर्षानुवर्षं प्रश्नोत्तरी शिकवली होती. तिच्यातले प्रश्न तेवढे शिल्लक राहिले, उत्तरं गेली. रस्त्यात भेटलेल्या दूधवाल्याला ते गंभीरपणे विचारायचे, "माणसाला कुणी उत्पन्न केलं?" दूधवाला म्हणायचा, "दाजी, आज अर्धा लिटर की एक?"

एवढं सगळं होऊनही प्रभुभोजनाचं ताट त्यांच्या हातून कधी डगमगलं नाही. प्रभू येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून हे भोजन आमच्याकडे दर तीन महिन्यांनी असतं. कुणी पुढे येत नाही, गुडघे टेकत नाही. पाळक मेजामागे उभे राहून पाव मोडतात आणि वडील ताटं घेऊन बाकांपाशी जातात. लोक बसल्या जागी तुकडा घेतात. पाव पावच राहतो, पण विश्वासाने घेणाऱ्याला प्रभू खरोखर पोसतो, अशी आमची श्रद्धा. उजवीकडचे बाक माझे, डावीकडचे दाजींचे.

एका रविवारी दाजींनी शेवटच्या बाकापर्यंत पाव दिला, वळले आणि पुन्हा पहिल्या बाकापासून सुरुवात केली. लोकांनी एकमेकांकडे पाहिलं आणि पुन्हा एकेक तुकडा घेतला. तिसऱ्या फेरीला मी मध्ये गेलो आणि हळूच ताट धरलं. दाजींनी सोडलं नाही. सगळ्या मंडळीसमोर आम्ही दोन म्हातारे एक ताट ओढत उभे. शेवटी मीच सोडलं.

आमचे पाळक तरुण आहेत, मनाने मऊ. ते म्हणाले, "पुढच्या वेळी त्यांच्या बाजूला माणसं तेवढेच तुकडे ठेवू. ताट रिकामं झालं की आपोआप थांबतील." मलाही ते पटलं. मला कुणाचंही पटतं.

दाजी थांबले नाहीत. पाव संपला आणि ते रिकामं ताट घेऊन पहिल्या बाकाशी परत आले. तिथे आमचा प्लंबर बसतो. त्याने ताटात पाहिलं, दाजींकडे पाहिलं, मग चिमटीत काहीच नसताना चिमूट उचलली, तोंडात घातली आणि मान खाली घातली. त्याच्या बायकोनेही तसंच केलं. मग तिच्या शेजारच्या बाईने, मग मागच्या बाकाने. मी माझं ताट धरून पलीकडे उभा होतो. या विधीवर मी बरंच वाचलेलं आहे. पण समोर चाललंय ती थट्टा आहे, दया आहे की विश्वास, ते मला सांगता येईना. अजूनही येत नाही.

तिसऱ्या बाकावर हेडबाई होत्या, शाळेतून निवृत्त झालेल्या. त्यांनी हात मांडीवरच ठेवले.

"यात काही नाही," त्या म्हणाल्या.

"घ्या ना बाई."

"नाही काही त्यात, भाऊ. बघा तुम्हीच."

दाजींनी ताटात पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग सगळी मंडळी ओलांडून ते माझ्याकडे आले. चेहरा असा झाला होता, जणू गर्दीत कुणाचं पोर हरवलंय आणि ते यांच्याच हातून सुटलंय.

"पुस्तकराव, संपलं रे," ते म्हणाले. "माणसं बाकी आहेत. आता काय करायचं?"

मी त्यांना बाकावर बसवलं.

उपासनेनंतर हेडबाईंनी मला फाटकाशी गाठलं. "मी प्रेसबिटरीला कळवणार आहे. तुमच्या पाठीमागून नको म्हणून आधी सांगते."

"बाई, लोकांनी प्रेमापोटी केलं हो."

"प्रेम घरी करा. प्रभूच्या मेजाशी नाटक कसलं? आणि अपमान कुणी केला त्या माणसाचा? मी खरं सांगितलं. तुम्ही सगळ्यांनी मिळून त्याला खोटं खाऊन दाखवलंत."

मी म्हणालो, "हो." मग म्हणालो, "तसं नाही." त्या तोवर निघून गेल्या होत्या. त्या चुकल्या असं मला म्हणता येत नव्हतं, आणि बरोबर म्हणावं तर प्लंबरची खाली गेलेली मान आठवत होती.

यानंतर प्रेसबिटरीचं ते पत्र आलं.

पाळकांनी सभा बोलावली. आमचा नियम असा की पाळक आणि किमान दोन वडील हजर असल्याशिवाय सेशन भरत नाही. म्हणजे दाजींविषयीचा विचार दाजींना बसवूनच करायचा. मी नातलग म्हणून बाजूला व्हावं तरी सभा मोडते. बरं, मत कळवायचं तर ठराव हवा, ठरावाला अनुमोदन हवं, आणि मी मांडला तर अनुमोदन द्यायला खोलीत दाजींशिवाय कुणी नाही.

सभेआधी पाळक मला म्हणाले, "प्रेसबिटरीकडून बाहेरचे दोन वडील मागवता येतील."

"म्हणजे परकी माणसं येऊन दाजींना प्रश्न विचारणार?"

"विचारावे लागतील."

खोली लहान, टेबलावर चहाचे कप. दाजी कोट घालून ताठ बसले होते. सभेत ते नेहमी तसेच बसतात. पाळकांनी पत्र वाचलं. नाव न घेता वाचलं, पण खोलीत आम्ही तिघंच. दाजींनी मान डोलावली.

"मग चिटणीस," पाळक म्हणाले, "काही ठराव मांडता का?"

मी कागदाकडे पाहिलं. तोंड उघडलं आणि मिटलं.

"अनुमोदन!" दाजी गरजले.

"कशाला अनुमोदन, दाजी?" पाळकांनी हळूच विचारलं.

"तो मांडेल त्याला."

पाळक खिडकीकडे वळले. त्या दिवशीच्या टिपणात मी 'विषय पुढे ढकलण्यात आला' असं लिहिलं. पत्र शब्दकोशात गेलं ते तेव्हा.

माणूस स्वतःच्या बळावर स्वतःसाठी काहीच करू शकत नाही, सगळी कृपा आहे, असं आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं. मी ते परीक्षेत लिहून पहिला नंबरही मिळवला होता. पण ते माझ्याविषयी आहे असं कधी वाटलं नव्हतं.

पुढचं प्रभुभोजन जवळ येत चाललं तसा मी आक्काकडे गेलो. ती चादरींच्या घड्या घालत होती. मला वाटलं होतं ती म्हणेल, ताट काढून घेऊ नकोस, त्यांच्यापाशी तेवढंच उरलंय. मीही घरून तसंच म्हणायचं ठरवून आलो होतो.

"बस," ती म्हणाली. "तोंड का असं एरंडेल प्यायल्यासारखं?"

मी पत्राचं सांगितलं.

"ठाऊक आहे. हेडबाई येऊन गेल्या. इथे बसून रडल्या."

"हेडबाई?"

"त्यांना रडता येत नाही असं वाटलं का तुला?" तिने चादरीचं दुसरं टोक माझ्या हातात दिलं. "धर नीट. त्या दिवसापासून हे रोज पाव आणायला निघतात. सकाळी, दुपारी. 'माणसं बाकी आहेत' म्हणतात. मी पाव आणून समोर ठेवते, तर म्हणतात, 'हा नव्हे.' परवा बेकरीवाला त्यांना हाताला धरून घेऊन आला."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगून तू काय केलं असतंस? पुस्तक आणून दिलं असतंस."

आत दाजींच्या चपला वाजल्या. आक्का थांबली, कानोसा घेतला, मग हलक्या आवाजात म्हणाली, "सोडव रे त्यांना त्यातून. तुमच्या चर्चसाठी नाही म्हणत मी. इतकी माणसं एकट्या त्यांच्या माथी नकोत."

"ताट घेतलं तर थांबतील का ते?"

"काय माहीत. नसतीलही थांबत." तिने घडी माझ्या हातून काढून घेतली. "लिही तू. पण मला वाचून दाखवू नकोस."

दुसऱ्या दिवशी मी पाळकांना सभा बोलवायला सांगितलं. तीच खोली, तेच कप. या वेळी मी ठराव लिहून आणला होता, आणि पुटपुटायचा नाही असं ठरवलं होतं. जन्मात प्रथमच मी सभेत मोठ्याने बोललो. आवाज फाटला. "या सेशनचे मत असे की आमचे वडील बंधू यांना आजारामुळे प्रभुभोजनात ताट नेण्याच्या सेवेतून मोकळे करावे. त्यांचे वडीलपण देवाच्या आणि मंडळीच्या साक्षीने दिलेले आहे, ते तसेच राहील."

दाजींनी माझ्याकडे पाहिलं. या वेळी त्यांनी प्रत्येक शब्द ऐकला होता, यात शंका नाही. समजला किती, ते मला ठाऊक नाही, आणि ते ठाऊक नसणं आता माझ्यासोबतच राहणार. त्यांचा हात वर जाईना. पाळक वाट पाहत होते. मला वाटलं, नको जाऊ दे वर. पडू दे ठराव.

"मोठ्याने वाचलंस रे," दाजी म्हणाले. मग हात वर केला. "अनुमोदन."

मी टिपणात मांडणाऱ्याचं नाव लिहिलं, अनुमोदकाचं लिहिलं. पाळकांनी प्रार्थना केली, पण मध्येच थांबले आणि पुढचं मनातच म्हणाले.

घरी आल्यावर पत्र लिहिलं. ठराव उतरवला आणि खाली माझ्या पदरची एक ओळ घातली: 'या ठरावाला त्यांनीच अनुमोदन दिले.' ती खोडली. पुन्हा लिहिली. ठेवावी की नाही ते ठरेना, म्हणून राहिली तशी ठेवली.

संध्याकाळी दाजींना फिरवून आणायची पाळी माझी असते. पाकीट खिशात घालून गेलो. आक्काने त्यांच्या कोटाची बटणं लावली, माझ्या खिशाकडे एकदा पाहिलं आणि आत गेली. वाटेत बेकरीपाशी दाजी थबकले. मी त्यांचा हात धरून ठेवला. काही वेळाने ते चालू लागले.

टपालपेटीपाशी मी पाकीट काढलं. दाजी शेजारी उभे राहिले.

"कुणाला पत्र?"

"प्रेसबिटरीला."

"काय मागितलंत?" त्यांनी मला अहो-जाहो केलं. मी कोण हे त्या क्षणी त्यांना आठवत नव्हतं.

"काही नाही मागितलं. कळवलंय फक्त."

"बरं केलंत. कळवलेलं बरं असतं."

मी पाकीट पेटीत टाकलं.