थोरली, धाकटी आणि पुसलेले धवले

मी एक जुना संगणक आहे. मानकोलीत केसरीनाथांच्या घरी, ओटीवरच्या टेबलाखाली माझा काळा डबा उभा असतो. मित्रांनो, तुम्ही आज येऊन बटण दाबलंत तर मी अगदी सुरळीत चालू होईन. दुःख तेच आहे.

केसरीनाथांच्या शेतावर गोदामं उभी राहिली, तेव्हा भाडेकरूंच्या कामासाठी त्यांनी मला आणलं. त्यांचा पुतण्या हितेश गोदामात संगणकावरच काम करी. त्याने हौसेने माझ्या पोटात एकाऐवजी दोन हार्ड डिस्क बसवल्या. जे साठवाल ते दोघींवर एकदमच लिहिलं जाईल, आरशात उमटावं तसं. एक गेली तरी दुसरीजवळ सगळं राहील. घरच्यांनी त्यांना थोरली आणि धाकटी म्हणायला सुरुवात केली. दसऱ्याला झाकण उघडून पूजा होई, आणि केसरीनाथ थोरलीला कुंकू लावत. धाकटी आतल्या खणात, तिच्यापर्यंत कोणाचा हात पोचत नसे.

हितेशकडून एक गोष्ट मात्र राहून गेली. मी जागा होताना सगळ्यात आधी एक छोटासा भाग वाचतो, तेव्हा कुठे पुढचं मला उमगतं. तो भाग आरशात आपोआप उतरत नाही, दोन्ही डिस्कवर वेगवेगळा घालावा लागतो. हितेशने तो फक्त थोरलीवर घातला. गाडं चालत होतं, म्हणून कोणी पाहिलं नाही.

घरात केसरीनाथांच्या आई होत्या, सीताबाई. त्या धवलारीण. आमच्याकडे आगऱ्यांच्या लग्नात विधींची गाणी म्हणजे धवले गातात, आणि ते गाणारी ती धवलारीण. कशेळीपासून अंबाडीपर्यंत त्यांना बोलावणी येत. केसरीनाथांची मुलगी रुचिका आजीच्या सारखी मागे लागे, "आजी, बस ना इथं, मी रेकॉर्ड करते."

सीताबाई फटकन म्हणायच्या, "मांडव न्हाय, नवरी न्हाय, आन् मी काय भिंतीला धवला गाऊ?"

म्हातारी ऐकणारी नव्हती. मग रुचिकाच तिच्यासोबत लग्नांना जाऊ लागली. मांडवात कडेला बसून ती फोनवर धवले टिपायची, घरी येऊन माझ्या हवाली करायची आणि फोन रिकामा करायची. माझ्यात ‘आजी’ नावाचा फोल्डर आधीपासून होता, त्यात सीताबाईंचे चार फोटो होते. धवलेही त्यातच जाऊ लागले. गोदामांच्या रटाळ कामात मला पहिल्यांदाच काहीतरी जपायला मिळालं होतं, आणि खोटं कशाला बोलू, माझी छाती फुगली होती.

पण लग्नांचा तो हंगाम सुरू होण्याआधीच एक घात झाला होता. एके दिवशी वीज झटक्यात गेली आणि आली, आणि थोरली जोडीतून बाहेर पडली. ती मेली नाही. रोज सकाळी मला जागं करण्यापुरती ती हजर असे. त्यानंतरचं सगळं लिहिणं एकट्या धाकटीवर होई. मी रोज पडद्यावर सांगत होतो की जोडी तुटली आहे. केसरीनाथ ती इंग्रजी अक्षरं बघत, मी रडकं पोर असल्यासारखं "यो रोजचाच ररतं," म्हणत आणि बटण दाबून मोकळे होत. सगळे धवले धाकटीच्या पदरात पडले. थोरलीला त्यांचा पत्ताच नव्हता.

गेल्या वर्षी सीताबाई तापाने गेल्या. पुढे रुचिकाचं लग्न ठरलं, तेव्हा तिने एकच हट्ट धरला. हळदीला मांडवात आजीचाच आवाज वाजला पाहिजे.

हळदीच्या दिवशी सकाळी तिने मला चालू केलं आणि मी उठलोच नाही. माझ्या बारीकसारीक खुणा जपणारा, आतला बटणाएवढा सेल संपला होता. सुरुवात कोणत्या डिस्कपासून करायची हे मी विसरलो आणि धाकटीकडे गेलो. तिच्याजवळ सगळे धवले होते, फक्त मला जागं करणारा तो छोटा भाग नव्हता. पडदा काळाच राहिला.

हितेश धावत आला. त्याने थोरली काढून एकट्या धाकटीवर मला चालवून पाहिलं. काही नाही. मग धाकटी काढून एकट्या थोरलीवर चालवलं, आणि मी उठलो. पडद्यावर नेहमीचं चित्र आलं, ‘आजी’ फोल्डरही जागच्या जागी दिसला. ओटीवर एकच गलका झाला.

"थोरली जिती हाय, धाकटी गेली," हितेश म्हणाला.

"गाणी हायत ना?" रुचिकाने विचारलं.

"फोल्डर हाय गो."

"मंग थोरलीवरचा धाकटीवर उतरव," केसरीनाथ म्हणाले. "सांजचे मधीच ती पन बंद परली त काय करशील?"

"काका, जरा थांबू. धाकटी दुसऱ्या मशीनला लावून बगतो, तिच्यान काय हाय ते."

"आता मानसा येतील मांडवान! आपले घरान थोरल्याचाच चालतं. लाव."

हितेशने काकांचा शब्द कधी मोडला नव्हता. त्याने धाकटी पुन्हा जोडली आणि थोरलीवरून तिच्यावर सगळं उतरवायला मला सांगितलं.

मित्रांनो, ते काम माझ्याच हातून झालं. थोरलीवरचं शिळं मी उचलत गेलो आणि धाकटीवरचं एकेक लग्न पुसत गेलो. मला ओरडता येत नाही. दुपारी माझ्या पडद्यावर अक्षरं उमटली की जोडी पूर्ण आहे, सगळं ठीक आहे.

रुचिकाने फोल्डर उघडला. आत फक्त ते चार फोटो होते. "दादा, धवले कुठंयत?"

हितेशने शेवटच्या फाइलची तारीख पाहिली, ती लग्नांच्या हंगामाआधीची होती. "ते धाकटीवर होते."

"मंग धाकटीवरून घे," केसरीनाथ म्हणाले.

"काका, धाकटी आता थोरलीसारखीच हाय."

केसरीनाथ माझ्यासमोरच्या खुर्चीत मटकन बसले. पडद्यावरच्या आईच्या फोटोवर त्यांनी बोट ठेवलं. मग म्हणाले, "बयला मीच गप केली."

संध्याकाळी अंगणातल्या मांडवातून मला सगळं ऐकू येत होतं. बायकांनी धोंडूबाईंना पुढे केलं. त्या सीताबाईंच्या धाकट्या जाऊ, जन्मभर त्यांच्यामागून ओळ धरणाऱ्या. त्यांनी पहिली ओळ म्हटली, दुसरी अर्धी म्हटली आणि थांबल्या. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथेच अडल्या.

"आगोदर ती बोलं, मंग मी बोलं," त्या रडत म्हणाल्या. "मना एकटीला न्हाय येत गो, बाय."

रुचिका त्यांची समजूत घालत होती. नवरीलाच समजूत घालावी लागली, हे मी विसरणार नाही. थोड्या वेळाने कोणीतरी स्पीकरवर दुसरीच गाणी लावली.

मित्रांनो, यंत्र काही सांगत असेल तर बटण दाबून त्याला गप्प करू नका. काही पुसायची वेळ आली तर आधी दोन्हीकडे काय आहे ते उघडून बघा, मग घरातलं कितीही मोठं माणूस घाई करो. आणि तुमच्या घरात कोणी गाणारं असेल, तर त्याचं गाणं आमच्यासारख्यांच्या पोटात टाकून निश्चिंत होऊ नका. त्याच्याजवळ बसा आणि दोन ओळी तरी तोंडपाठ करा. सीताबाईंचे सगळे धवले माझ्याजवळ होते. आज मला त्यांतली एकही ओळ येत नाही.