न रडणारा देव

देवगाव फाट्यावर जीपवाले "मौनीनाथ, मौनीनाथ!" असं ओरडायला लागले, तेव्हाच मी ओळखलं की आपल्या भागात पुन्हा एखादा देव उगवलाय. जीपमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. बायकांच्या मांडीवर नारळ, पुरुषांच्या हातात हाराचे पुडे, आणि ज्याच्या त्याच्या तोंडी एकच गोष्ट. शेवडवाडीला देव जन्माला आलाय, महिना उलटला तरी तो रडत नाही.

मी रामप्रसाद. शाळेत विज्ञान शिकवत होतो, आता निवृत्त आहे. लिंबातून रक्त, नारळातून केस, आपोआप पेटणारा होम, हे सगळं मी गावोगाव स्वतः करून दाखवतो आणि त्यामागचं रसायन सांगतो. लोक टाळ्या वाजवतात, "सर, लय भारी" म्हणतात, आणि पुढच्या अमावस्येला नव्या बुवाच्या रांगेत उभे राहतात. खोटं कशाला बोलू, कंटाळा आलाय. त्या दिवशीही मी घरी पडून राहिलो असतो. पण या वेळी देव म्हणून मांडलेलं होतं ते तान्हं लेकरू, म्हणून उठलो.

रामहरीच्या घरापुढे मोठा मंडप होता. रामहरी स्वतः कोयता घेऊन ऊसतोडीला गेलेला. घरात त्याची आई धुरपदाबाई, त्याची बायको आणि चौरंगावर रेशमी कापडात निजवलेलं हे बाळ. शेजारी सूर्यभान महाराज. हा सूर्यभान कालपरवापर्यंत लग्नांत मंडप आणि भोंगे लावायचा. मंडप त्याचाच, भोंगा त्याचाच, आता देवही त्याचाच झाला होता.

"रडतं कोन?" महाराज भोंग्यातून विचारत होता. "ज्याला कायतरी पायजे त्यो! ह्या बाळाला काय बी नगं. जीभ बगा, कशी भायेर आलीय, नरसिंहाची जीभ हाय ती! बेंबी बगा, वर आलीय, कमळ फुटायलंय! कांती बगा, सोन्यावानी पिवळी! हात लावून बगा, अंग गारठाक. हिमालयातून आलेल्याचं अंग गरम कसं ऱ्हाईल? अन् चार चार दिस शी करत न्हाई. योग्याला कसली आलीय शी?"

लोक हसले आणि हसता हसता हात जोडले. पोखर्णीला नरसिंहाच्या दर्शनाला निघालेले भाविकही वाट वाकडी करून इकडे येत होते. त्या देवळाचा याच्याशी काडीचा संबंध नव्हता, पण जीभ बाहेर आलीय म्हटल्यावर तो संबंध लोकांनीच जोडून टाकला होता.

मग महाराजानं पितळेची परात बाळाच्या कानाशी बडवली. बाळानं सावकाश डोळे उघडले आणि मिटले. कपाळावर गार पाणी शिंपडलं. बाळानं तोंड जरा वाकडं केलं, पण आवाज नाही. "समाधी!" महाराज गरजला, आणि पुढच्या रांगेतल्या बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं.

इतक्या वर्षांच्या सवयीनं मी लगेच निष्कर्ष काढला. अफू. पूर्वी रानात कामाला जाणाऱ्या बाया लेकरू झोपावं म्हणून बोटाच्या टोकावर अफू चाटवायच्या, हे मी लहानपणापासून ऐकलेलं. मी उभा राहिलो आणि सगळ्यांसमोर विचारलं, "बाळाला अफू देता का?"

धुरपदाबाई पुढे आली. "सर, केस पिकले तुमचे. माज्या नातवाला मी जहर चारीन? जिभंला काय हाड हाय का न्हाई तुमच्या?"

महाराज मात्र शांत. "ऱ्हावा की सर," तो गोड हसून म्हणाला. "दिसभर बाळापाशी बसा. कोन काय चारतंय ते बगा. देवाला परीक्षेची फिकीर न्हाई."

बसलो. आईच्या दुधाशिवाय बाळाच्या तोंडात काही गेलं नाही. अफूनं डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात. मी वाकून पाहिल्या, त्या अगदी नेहमीसारख्या होत्या. संध्याकाळपर्यंत बाळ एकदाही नीट रडलं नाही. मध्येच घोगरा कण्हल्यासारखा आवाज काढायचं आणि पुन्हा झोपायचं. पोरंटोरं मला चिडवायला लागली, "सर, घावली का अफू?" महाराज खरं बोलत होता. कुणीच बाळाला काही देत नव्हतं. हे मान्य करावं लागलं तेव्हा मला लाज नाही वाटली, भीती वाटली.

निघताना पाणी मागितलं. बाळाची आई तांब्या घेऊन दाराशी आली, उंबऱ्याच्या आतच थांबली. बाळंतीण सव्वा महिना उंबरा ओलांडत नाही. विशी-बाविशीची पोर, डोळ्यांखाली काळं आलेलं.

"सर," ती हळूच म्हणाली, "तुमी भांडलात ते बरं केलं. पर अफू न्हाई ओ. ह्ये दूधच वढत न्हाई. तोंडात धरतंय अन् झोपतंय. सगळे पाया पडायलेत अन् मला तर लय भ्या वाटायलंय. मला देव नगं सर, लेकरू पायजे."

"दवाखान्यात दाखवलं का?"

"जलमल्यावर परभणीला टाचंतून रगत घेतलं होतं, कागदावर थेंब टिपले. कायतरी निघालं तर फोन करू म्हनल्या त्या बाई. फोन माज्या वडलांचा दिला होता. ते बी कारखान्यावर गेले, फोन लागत न्हाई. घर बंद, म्हनून तर मला इकडं आनलं."

टाचेतलं रक्त म्हटल्यावर मला डॉ. पंकजा आठवली. ती लहान मुलांची डॉक्टर, परभणीत टाचेतलं हे रक्त तीच तपासते. जन्मतःच असणारे, पण वरून न दिसणारे आजार नवजात बाळांत लवकर कसे ओळखता येतील, यावर तिचं संशोधन चालू आहे. मी अंगणातूनच तिला फोन लावला.

"आईचं नाव?" तिनं विचारलं.

धुरपदाबाई दिवसभर सुनेला हाक मारत होती तेच नाव मी सांगितलं. "सत्यभामा."

"माझ्या यादीत सत्यभामा नाहीये, सर."

मी मागं वळून विचारलं. "पोरी, माहेरचं नाव काय तुझं?"

"निकिता. हितं लग्नात बदललं."

मी ते नाव फोनवर सांगितलं. मग पंकजाचा आवाज आला, दमलेला. "सर, या निकिताच्या बाळाच्या रक्तात दोष निघालाय, तिच्यासाठी मी दोनदा शेवडवाडीला येऊन गेले. पारावर विचारलं. सगळे म्हणाले, अशी सून आमच्या गावात नाही."

कुणी खोटं बोललं नव्हतं. नवऱ्याच्या घरी आली की पोरीचं नाव बदलायचं, आणि बदललेलंही घराबाहेर कुणाला ठाऊक नसायचं. पारावरच्या माणसांना ती 'रामहरीची बायको' एवढीच माहीत. दवाखान्याच्या कागदावर मात्र आधारकार्डावरची निकिता, पुढं वडिलांचं नाव आणि सासरचं फक्त गाव. पंकजा पारावर तिचं नाव घेत होती, आणि ती हाकेच्या अंतरावर बाळंतिणीच्या खोलीत बसलेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळीच पंकजा मला घेऊन तिच्या जीपनं आली. मंडप तोवर भरला होता. महाराजानं तिच्यासाठीही कीर्तन लावलं, तेच जीभ, बेंबी, सोन्याची कांती, गार अंग. पंकजा मध्ये एकदाही बोलली नाही. तो थांबल्यावर ती म्हणाली, "महाराज, तुम्ही आजाराची लक्षणं माझ्या विद्यार्थ्यांपेक्षा चांगली सांगता. एकही सुटलं नाही."

"आजार?" महाराज हसला. "ऐकलं का मंडळी, देवाला आजार!"

पंकजा त्याच्याकडे न बघता धुरपदाबाईशी बोलायला लागली. "आजी, इथं गळ्यात थायरॉईड नावाची एक ग्रंथी असते. तिच्या रसावर अंगाचा सगळा कारभार चालतो. चुलीत जाळच कमी असला तर भात शिजत नाही, तसं. या बाळाला तो रस जवळजवळ नाही. म्हणून अंग गार. म्हणून पोट साफ होत नाही, कावीळ उतरत नाही, जीभ जाड होऊन बाहेर येते, बेंबी फुगते. आणि म्हणून ते रडत नाही. ते शांत नाहीये आजी, त्याच्यात रडायची ताकदच नाही."

"इलाज?" धुरपदाबाईनं विचारलं.

"एक लहान गोळी. रोज, आईच्या दुधात खलून चमच्यानं. पण आजपासून. बाळाचा मेंदू आत्ताच घडतोय, आणि त्यालाही तोच रस लागतो. उशीर झालाच आहे. अजून केला तर लेकरू जगेल, पण त्याला समज येणार नाही. मला त्याचं रक्त पुन्हा तपासायला न्यायचंय."

"देवाचं रगत काडणार?" महाराज ओरडला. "थेंब सांडला तर गावात पीक उगवायचं न्हाई!" मागून चारपाच जण उठले. एकानं जीपच्या पुढं बैल आणून उभा केला. सव्वा महिना झाला नाही, बाळंतीण बाहेर कशी जाईल, असं एक म्हातारी ओरडली. मला वाटलं, झालं, आता नेहमीसारखं. आपण समजावणार, लोक ऐकणार, आणि शेवटी जो मोठ्यानं ओरडेल त्याचं चालणार. माझ्याजवळ बोलायला नवीन काही उरलं नव्हतं.

धुरपदाबाई उठून घरात गेली. मला वाटलं, दार लावून घेतेय. पण ती एका माणसाचा हात धरून बाहेर आली. तिचा थोरला मुलगा, बालाजी. चाळिशीचा असेल, पण उंची शाळकरी पोराएवढी. उन्हाळ्यातही अंगात स्वेटर. जाड जीभ ओठांवर. इतक्या दिवसांच्या गर्दीत त्याला कुणी बाहेर येऊ दिलं नव्हतं. देवाच्या घरात हे येडं कशाला दिसावं!

"ह्यो बी रडत न्हवता," ती म्हणाली. भोंग्याची तिला गरज पडली नाही. "लय गुनाचं लेकरू म्हनायच्या बाया. ह्याची बी बेंबी अशीच होती. ह्यो बी गार. तवा गावात म्हाराज न्हवता म्हनून ह्यो देव झाला न्हाई, येवढंच. बगा, नीट बगा. ह्येचा देव करता का?"

बैलवाल्यानं बैल बाजूला घेतला. महाराज "कर्माचे भोग..." असं काहीतरी सुरू करत होता, तर तिनं त्याच्याकडं वळून फक्त म्हटलं, "भोंगा बंद कर." मग सुनेला हाक मारली. "निकिता, चल. लेकरू घे." ते नाव ती पहिल्यांदाच उच्चारत होती. निकितानं चौरंगावरून बाळ उचललं, उंबरा ओलांडला आणि जीपमध्ये जाऊन बसली.

रक्ताच्या तपासणीनं पंकजाचं म्हणणं खरं ठरलं. त्याच दिवशी गोळी सुरू झाली. बालाजीचंही रक्त तपासलं, त्यालाही तेच निघालं. काही घराण्यांत हा आजार पुढे येतो, बऱ्याचदा तसा काही संबंध नसतो; इथं काय आहे ते अजून तपासायचंय, असं पंकजानं सांगितलं. तपासल्याशिवाय ती काही बोलत नाही, म्हणून तिच्यावर माझा विश्वास आहे.

मंडप दोन दिवसांत उठला. काही लोक अजूनही म्हणतात की डॉक्टरणीनं सुई टोचली आणि देव निघून गेला. सूर्यभानचं काही बिघडलं नाही. पूर्णेच्या बाजूला म्हणे कुणाच्या बोअरमधून भस्म निघायलंय. तिथं मंडप त्याचाच आहे. मलाही तिकडं जावं लागेल. बघू.

मध्यंतरी शेवडवाडीला जाऊन आलो. गल्लीच्या तोंडापासूनच बाळाचा आवाज येत होता. बेंबीच्या देठापासून रडणं! निकिता कडेवर घेऊन अंगणात फेऱ्या मारत होती, रात्रभर झोप नसल्यानं पार दमलेली, आणि तरी हसत होती. "भूक लागली की गाव डोक्यावर घेतंय सर," ती म्हणाली. रामहरी कारखान्यावरून परत आला होता. त्याला ते रडणं ऐकवत नव्हतं, तरी तो तिथून हलत नव्हता.

बालाजी ओट्यावर बसला होता. गोळीनं त्याची हुडहुडी कमी झालीय, स्वेटर निघालाय, अंगणभर चालतो. बोलणं मात्र आता येणार नाही. धुरपदाबाईनं पंकजाला खोदून खोदून विचारलं होतं, गोळी दुप्पट दिली तर? पंकजानं खरं तेच सांगितलं, आता उपयोग नाही.

मी निघालो तेव्हा धुरपदाबाई वेशीपर्यंत सोबत आली. तिथं थांबली. मग म्हणाली, "सर, बालाजीच्या वक्ताला ह्ये टाचंचं रगत कामून घेत न्हवते?"

"तेव्हा ही तपासणी आपल्याकडं नव्हतीच, बाई. तुमचा काही दोष नाही."

तिनं मान हलवली आणि परत फिरली.

ती तपासणी आता आहे. अजून प्रत्येक दवाखान्यात होत नाही, म्हणून मागून घ्या. बाळ जन्मलं की विचारा, टाचेतलं रक्त तपासणार का? फोन लागेल असा नंबर द्या, आणि सुनेचं खरं नाव घरातल्या सगळ्यांना माहीत असू द्या. लेकरू रडत नसेल, दूध ओढत नसेल, गार पडत असेल, तर त्याच्यापुढे नारळ फोडू नका. उचला आणि डॉक्टरकडे न्या. धुरपदाबाईला तेव्हा सांगणारं कुणी नव्हतं. तुम्हाला मी सांगतोय.