चंपत पैलवानाची भभूत

कारखान्याच्या कामगारवस्तीत, कॅम्प-१ च्या मैदानात दर रविवारी कुस्तीचा शो व्हायचा आणि सोमवारी तो लोकल केबलवर दिसायचा. साल चौऱ्याण्णव. ऐन रंगात चंपत पैलवानाचं कपाळ फुटायचं, तोंड रक्तानं माखायचं, तो आडवा व्हायचा. मग भगवी कफनी घातलेला मॅनेजर भैयालाल रिंगमध्ये चढायचा.

"ना डॉक्टर, ना टांका! सिर्फ भभूत!"

चिमूटभर राख कपाळावर दाबली की रक्त थांबायचं. चंपत उठून समोरच्याला उचलून आपटायचा. बाया हात जोडायच्या आणि राखेच्या पुड्यांसाठी झुंबड उडायची.

एका सोमवारी चंपत श्यामराव वस्तादांकडे गेला. प्लांटमधून रिटायर झालेल्या या म्हाताऱ्यानंच त्याला आखाड्यात उतरवलं होतं. वस्तादांना शुगर होती. पायाच्या जखमेवर पट्टी नव्हती, राख होती.

"दवाखाना कावून सोडला, वस्ताद?"

"तुले टीवीवर पाहून राहिलो ना! तुयं एवढं रक्त थांबते, मंग माया पाय कावून बरा नाही होणार?"

खरं चंपतच्या ओठांवर आलं होतं. पण शो गेला तर पुन्हा ठेकेदाराकडे मजुरी. "दवाखान्यात दाखवून द्या," एवढंच पुटपुटून तो निघाला.

पुढच्या रविवारी भैयालालनं राख काढली, तोच वस्तादांची बायको भागाबाई रिंगला येऊन बिलगली.

"महाराज, त्यायचा पाय काळा पडला. जराशी जास्त द्या."

निपचित पडलेला चंपत उठून बसला. त्यानं मनगटाची पट्टी सोडली आणि आतून ब्लेडचा तुकडा काढला.

"काकू, हे पाहा. मीच कापतो. कपाळ जरासं कापलं तरी लय रक्त येते, घामानं अजून पसरते. अन् राखेत तुरटी हाय, न्हावी दाढीनंतर लावते तीच. बारीक चिरा तिनं थांबतात. सडलेला पाय नाही."

"पागल हो गया है!" भैयालाल किंचाळला.

भागाबाईनं पदराला बांधलेल्या पुडीतली चिमूट जिभेला लावली. तोंड तुरट झालं. तिनं उरलेली पुडी मातीत ओतली.

चंपतनं तसंच रक्ताळल्या तोंडानं वस्तादांना दवाखान्यात नेलं. जीव वाचला, पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

"सोमवारी तू घरी आला होता," वस्ताद म्हणाले. "तवाच कावून नाही सांगितलं, बापा?"

चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी एवढं विचारा: हे कशानं झालं? आणि ज्याला ठाऊक आहे, त्यानं त्याच दिवशी सांगावं.