सहाला निघायचं ठरलं होतं

सकाळी सहाला निघायचं ठरलं होतं. ताई आणि भाऊजी धावपट्टीवर उगवले ते दुपारी दीडला, आणि तेही हसतमुखानं.

धाकटी साडेपाचपासून फ्लाइंग क्लबात ताटकळत होती. ती इथे विमान चालवायला शिकवायची. आज क्लबचं चार आसनांचं विमान तिनं खास बहिणीसाठी मागून घेतलं होतं. डोंगरापलीकडच्या गावात भाऊजींना एका बिल्डरला फरशीचे नमुने दाखवायचे होते. रस्त्यानं सहा तास, विमानानं पाऊण.

"अगं, जरा डोळा लागला," भाऊजी म्हणाले. "मग म्हटलं, आता जेवूनच निघू. विमान काय, घरचंच आहे!"

"भाऊजी, बाहेर एकेचाळीस डिग्री आहे."

"मग? आपल्याला कुठे चालत जायचंय?"

धाकटीनं ओठ आवळले आणि विमानाच्या पुस्तकातला तक्ता त्यांच्यापुढे सरकवला. हवा तापली की पसरते, विरळ होते, तिनं सांगितलं. मग पंखांना आधार कमी, प्रोपेलरची पकड कमी, इंजिनाला श्वासही कमी. सकाळच्या गारव्यात सहज उचललं जाणारं विमान दुपारी लांबवर पळत राहतं, आणि उचललं गेलं तरी रडतखडत चढतं. त्यात आपली धावपट्टी पठारावरची, जेमतेम साडेसातशे मीटरची, आणि टोकाला ही उंच झाडं.

"विमान काय लोण्याचं आहे, उन्हात वितळायला?" भाऊजींनी डोळे मिचकावले.

"आपण तिघं जाऊ शकतो. फरशांची पेटी नाही. ती गाडीनं पाठवा, नाहीतर साडेपाचला ऊन उतरल्यावर निघू."

"पाचला तर भेट आहे!"

"म्हणून तर सहाला बोलावलं होतं ना!"

ताई मध्ये पडली. "एवढीशी तर पेटी. आपल्याच माणसाशी इतकं काय ताणायचं?"

"ताई, हवेला नातीगोती कळत नाहीत."

शेवटी भाऊजींनी हात वर केले. "बरं बाई, ठेवतो ऑफिसात. तू म्हणशील तसं."

धाकटी नोंदवहीत सही करायला गेली. परत आली तेव्हा दोघं पट्टे बांधून शहाण्या मुलांसारखी बसली होती. विमानाची तपासणी तिनं आधीच केली होती. मागचं सामानाचं दार बंद दिसलं. तिनं ते पुन्हा उघडून पाहिलं नाही.

इंजिनाला पूर्ण जोर देऊन तिनं ब्रेक सोडले. विमान निघालं, पण झोपेतून उठवल्यासारखं. धावपट्टीच्या मधोमध पांढरा दगड होता. तिथवर वेगाच्या काट्यानं चाळीस दाखवायला हवेत, नाहीतर थांबायचं, हा तिचा नेम. दगड आला. काटा बत्तिसावर. झाडं मात्र भराभर मोठी होत होती.

तिनं क्षणाचाही विचार न करता जोर काढला आणि ब्रेक दाबले. चाकं किंचाळली, ताई तर त्याहून मोठ्यानं. विमान थांबलं तेव्हा पुढे शंभरेक मीटर उरले होते.

धाकटीनं इंजिन बंद केलं. मग उतरून मागचं दार उघडलं. आत पेटी होती. वर भाऊजींचा टॉवेल, नीट पांघरलेला.

"हे काय आहे?"

"फक्त नमुने आहेत गं," भाऊजी पुटपुटले. "पन्नासच किलो."

"पन्नासच! अहो, त्या झाडांत अडकलो असतो तर फरशा आपल्याच थडग्याला लागल्या असत्या!"

तिला भाऊजींचा राग आलाच, पण त्याहून जास्त स्वतःचा. एक दार उघडून बघायला किती वेळ लागला असता? विद्यार्थ्यानं असं केलं असतं तर तिनं त्याला महिनाभर विमानाला हात लावू दिला नसता.

भाऊजी उतरले, घाम पुसला आणि विमानाभोवती एक फेरी मारून गंभीरपणे म्हणाले, "मला वाटतं इंजिनातच काहीतरी खोट आहे. मेकॅनिकला दाखव."

त्यावर ताईनंसुद्धा मान डोलावली. धाकटीनं टॅक्सी बोलावली, पेटी स्वतः उचलून डिकीत आदळली आणि दोघांना रवाना केलं. मग नोंदवहीत झालेला प्रकार लिहिला. स्वतःची चूकसुद्धा लिहिली, काही न लपवता.

संध्याकाळी आईचा फोन आला. "काय गं, भाऊजी म्हणाले, तुझं विमान बिघडलं होतं. माणसांना उन्हात असं ताटकळत ठेवतात का?"

"आई, विमान ठणठणीत आहे. हवा तापली की विरळ होते, आणि मग..."

"हो गं बाई," आई म्हणाली, "इथेही नुसतं उकडतंय."

धाकटीनं डोळे मिटून एक लांब श्वास घेतला आणि विचारलं, "तू जेवलीस का?"