नऊ दिवसांची मास्तरीण

राजीनाम्याचं पत्र माझ्या बहिणीने, संघमित्राने, लिहून दिलं. ती ऐरोलीच्या एका कंपनीत एचआरला आहे, त्यामुळे असली पत्रं तिला तोंडपाठ. 'आपल्या प्रतिष्ठित संस्थेत मिळालेल्या दीर्घ अनुभवाबद्दल मी ऋणी आहे,' असं तिने लिहिलं. संस्था म्हणजे सानपाड्यातला एक गाळा, एक टेबल, तीन खुर्च्या आणि दोन जुन्या गाड्या. दीर्घ अनुभव म्हणजे नऊ दिवस. 'दीर्घ' तरी काढ म्हटलं, तर म्हणे फॉरमॅट तोच असतो.

फॉरमॅटचं काय जातंय. सखूताईंसमोर मला उभं राहायचं होतं.

सखूताई त्या ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकीण. सानपाडा गावातल्याच, साठी ओलांडलेल्या, वीस वर्षं फक्त बायकांना गाडी शिकवत आलेल्या. त्यांच्याकडे येण्याआधी मी चार स्कूलमध्ये शिकवण्याचं काम मागितलं होतं. चारही ठिकाणी माझं लायसन्स उलटूनपालटून बघितलं आणि 'कळवतो' म्हणाले. अजून कळवतायत. सखूताईंनी लायसन्स नंतर बघितलं, आधी चावी दिली. आम्ही दोघी जुईनगरपर्यंत जाऊन आलो, तेव्हा एवढंच म्हणाल्या, "उद्या सात वाजता ये. चाय पिऊन नको येऊ, हितं मिलंल."

त्यांना माणूस हवंच होतं, कारण त्यांचे गुडघे पार गेले होते. शिकवायच्या गाडीत डाव्या सीटच्या पायाशी मास्तरचा वेगळा ब्रेक आणि क्लच असतो. शिकणारीची निम्मी नजर मास्तरणीच्या पायांवर असते, ती सांभाळून घेईल म्हणून. त्यावर सखूताईंनी एक रीत ठेवली होती. शेवटच्या दिवशी मास्तरणीने चपला काढायच्या, सीटवर मांडी घालून बसायचं आणि शिकणारीने स्टेशनजवळचा पूल चढून-उतरून यायचं. मांडी दिसली की तिला कळतं, आता गाडी आपणच थांबवायची. पण दोन वर्षं सखूताईंना मांडी घालताच येत नव्हती. "लायसन्स मिलतं बायकांना, पन धीर अर्धाच रातो," त्या पहिल्या दिवशी मला म्हणाल्या होत्या.

नऊ दिवसांत मी तिघींसाठी मांडी घातली. तिसऱ्या बाई पुलाच्या उतारावर रडायला लागल्या, पण गाडी सोडली नाही. मला वाटलं, आपल्याला हे काम येतं. इतक्या वर्षांत असं वाटलं नव्हतं कधी.

माझ्या भरवशावर सखूताईंनी गुडघ्यांच्या ऑपरेशनची तारीख घेतली होती. भिंतीवरच्या कॅलेंडरवर बावीसला लाल गोल होता.

आणि आठव्या दिवशी मला पालिकेच्या परिवहन विभागातून फोन आला. बस ड्रायव्हर, सोमवारी हजर व्हा. जड वाहनाचं लायसन्स काढून, परीक्षा देऊन दीड वर्ष मी प्रतीक्षायादीत होते. लोकांना सांगायचे, 'मी तर ते विसरूनच गेले.' एकही दिवस विसरले नव्हते. फोन ठेवला आणि आधी आनंद झाला, मग तो लाल गोल आठवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी, सकाळच्या बॅचच्या बायका गेल्यावर, मी पत्र टेबलावर ठेवलं. सखूताईंनी चष्मा शोधला, सापडला नाही.

"तूच वाच," त्या म्हणाल्या.

झाली का पंचाईत. मी वाचलं. 'प्रतिष्ठित संस्था' म्हणताना त्यांनी गाळ्यावरून एक नजर फिरवली. 'एक महिन्याचा नोटीस कालावधी' आला तेव्हा विचारलं, "नऊ दिवसांच्या नोकरीला म्हयन्याची नोटीस?" मी पत्राची घडी घातली.

"ताई, हे माझ्या बहिणीने लिहिलंय. मी सरळ सांगते. मला बसची नोकरी लागली. सोमवारपासून. तुमचं ऑपरेशन माझ्यामुळे अडणार, मला माहितेय. तुम्ही म्हणाल तर मी सुट्टीच्या दिवशी येईन, दुपारी ड्युटी सुटल्यावर येईन."

"मोठी बस?"

"मोठी."

त्यांनी कॅलेंडरकडे बघितलं. मी मनाची तयारी करून आले होते. चार शब्द ऐकून घ्यायचे आणि गप्प उभं राहायचं. त्यांनी फोन उचलला आणि हॉस्पिटलला लावला.

"बावीसची तारीक पुढं ढकला. नाय, शुगर नाय वाढली. माजी मास्तरीन मोठ्या गाडीवर चाललीय. दुसरी मिलाली की सांगते." फोन ठेवून माझ्याकडे वळल्या. "आनि सुट्टीला झोप काढायची. बसमंदी पन्नास मानसं असतात. हितं नाय यायचा."

मला रडू आलं. राग काढला असता तर सोपं गेलं असतं, एवढंच म्हणते. चार ठिकाणांहून परत पाठवलेल्या बाईला ज्यांनी चावी दिली, त्यांचं दुखणं मी लांबवत होते आणि त्या माझ्या झोपेची काळजी करत होत्या.

"चल, मना घरी सोड," त्या म्हणाल्या. "पुलावरून घे."

घर पाच मिनिटांवर, पूल उलट्या दिशेला. मी चावी घेतली. सखूताई डाव्या सीटवर बसल्या, नेहमीसारखे पाय पुढे ताठ सोडून. पुलाच्या अलीकडे त्यांनी चपला काढल्या. दोन्ही हातांनी उजवा पाय धरून वर घेतला. मग डावा.

"ताई, नका."

"समोर बघ."

नऊ दिवसांत मी त्यांना खुर्चीवरून धड उठताना पाहिलं नव्हतं. त्यांचे ओठ घट्ट मिटलेले होते आणि कपाळावर घाम होता, पण मांडी पूर्ण होती.

मी गाडी शिकले ती एका माणसाकडे, ज्याने महिनाभर ब्रेकवरचा पाय काढला नाही. गाडी मी चालवत होते की तो, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. लायसन्स मिळालं, पण खोड राहिली. गाडीत एकटी असले तरी वळणावर, चढावर माझी नजर एकदा डावीकडे खाली जाते, कुणाचा पाय आहे का बघायला. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. इतरांना मांडी घालून दाखवत होते, माझ्यासाठी कुणी घातली नव्हती.

पुलाच्या चढावर गाड्या तुंबल्या. मागे टँकर येऊन थांबला, अगदी चिकटून. पुढची गाडी हलली. माझी नजर सवयीने डावीकडे गेली. तिथे दोन मोकळी पेडलं होती. मी समोर बघितलं, क्लच अर्धा सोडला, गाडी इंचभरही मागे न जाता वर चढली.

घराशी थांबल्यावर त्यांना पाय सोडवेनात. मी पलीकडून जाऊन दार उघडलं, खाली बसले आणि एकेक गुडघा हाताने धरून हळूहळू सरळ केला. दुसऱ्या पायाच्या वेळी त्यांनी माझा खांदा आवळून धरला.

"ताई, का केलंत हे? मला येते की गाडी."

"येते. पन पैल्या दिवशी जुईनगरला गेलो तवा तू चार वेला माज्या पायांकडं बघितलास," सखूताई म्हणाल्या. "सोमवारी नको बघू. तिथं कोन नसनार."

मी त्यांच्या पायात चपला घातल्या.