नागूबाईचं नाव आणि पडद्याचा वाटा

माझ्या आईचं नाव एका चादरीवर विणलेलं आहे. ती कारखान्याच्या शेठची मेहेरबानी नाही, हे आधीच सांगून टाकते. उगाच त्याला श्रेय जायला नको.

आई, नागूबाई, अक्कलकोट रोडवरच्या चादरींच्या कारखान्यात मागासाठी सुताच्या कांड्या भरायची. जन्म गेला त्यात. तिच्या कांड्यांतल्या सुतानं पुढाऱ्यांची नावं विणली, पतसंस्थांची विणली, कुणाकुणाच्या नवरानवरीची विणली. ती काम सोडणार म्हटल्यावर बायकांनी ठरवलं, एक चादर हिच्या नावाची. सूतही त्यांनीच जमवलं. शेठ म्हणाला, "विणा की. पण माग शनिवारीच रिकामा आहे. सोमवारी नवी ऑर्डर चढते." केवढे उपकार!

शुक्रवारी मी आईला न्यायला गेले, तर ती डिझाइनच्या खोलीत उभी. शिवयोगी डोक्याला हात लावून बसलेला. कारखान्यातली सगळी नक्षी हाच काढतो. समोर त्याचा जुनापुराणा कॉम्प्युटर. नक्षीचं सॉफ्टवेअर फक्त त्याच खोक्यावर चालतं, आजवरची सगळी डिझाइनं त्यातच.

"होत नाही ओ मावशी," तो म्हणाला. "मेमरीच्या दोन पट्ट्या होत्या. एक मेली. आता अख्खी चादर उघडली की हा जागीच बसतो."

"एक हाय की अजून."

"आहे. पण त्यातली अर्धी पडदाच खातो."

"पडदा कसा खातो?" मी विचारलं.

"काहींना चित्र दाखवायला वेगळं कार्ड असतं, त्याची मेमरी त्याच्यापाशी. ह्याला कार्डच नाही. चित्राची सोय मुख्य बोर्डातच. मग ती ह्याच पट्टीतून घेणार. मशीन चालू झालं रे झालं की पडद्याचा वाटा आधी बाजूला. उरलेल्यात बाकीच्यांनी भागवायचं."

"म्हणजे शेठच की."

"हळू बोल गं बुद्धप्रिया, बाहेरच बसलाय!"

आईनं पडद्याकडं बघितलं. "येवडं कोण वाढतंय त्याला?"

"सेटिंग तसं आहे. एकशे अठ्ठावीस एमबीतले चौसष्ट."

"मग कमी वाढ की."

शिवयोगीनं दाराबाहेर नजर टाकली. त्याला हे सुचलं नव्हतं असं नाही. पण मागं एका मेकॅनिकनं त्या सेटिंगमध्ये हात घातला, तर मशीन उठेचना. शेठनं सगळ्यांसमोर ह्यालाच फाडून खाल्लं होतं. पुन्हा तसं झालं तर सरळ घरी.

आईला ते ठाऊक होतं. "ऱ्हाऊ दे बाबा," ती म्हणाली. "माज्या नावापायी तुजी भाकरी नको."

तो हसला. "मावशी, ज्यांची नावं काढली त्यातल्या एकाचंही तोंड बघितलं नाही मी. तुमचं तर रोज बघतो." आणि मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. सेटिंगच्या निळ्या पानावर शिरला. चौसष्टचे आठ केले.

पडदा काळा झाला. काळाच राहिला. मी शिवी हासडली, मशीनला की शेठला, कुणास ठाऊक. आई शिवयोगीच्या पाठीवर हात ठेवून उभी.

मग एक पीं वाजलं आणि पडदा उजळला. रंग ढोबळ, चित्र सरकवलं की धक्के खात सरकतंय. पण चादर उघडली. अख्खी!

"रंग मरू देत," शिवयोगी म्हणाला. "मागाला कुठला दोरा वर नि कुठला खाली, एवढं कळलं की बास. नाव कुठं घालू?"

"डोक्याकडं घाल. पायाकडं न्हाय."

शनिवारी चादर मागावरून उतरली. बायकांनी ती आईच्या खांद्यावर टाकली, तेवढ्यात शेठ केस विंचरून फोटोला हजर. आईनं चादर काढली आणि शिवयोगीला पांघरली. "पयला ह्याचा काडा."

तो फोटो आमच्या भिंतीवर आहे. शिवयोगी लाजून लाल झालाय, छातीवर माझ्या आईचं नाव. मी रोज जाता-येता त्याला मनोमन हात जोडते.

शेठचा नुसता कोपर आलाय.